विठोबानं ऐकलं नाही का? वाईट दिवसांत लहान मुलांना देवाची सेवा शिकवताना

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, आजारी होते तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. रोज संध्याकाळी दिवा लावला की ती विठोबापुढे हात जोडून म्हणायची, आबांना बरं कर. तिला कुणीतरी सांगितलं होतं की लहान मुलांचं देव लगेच ऐकतो. आबा गेले. तेरावं झालं, पाहुणे गेले, घर एकदम रिकामं झालं आणि एका रात्री अंथरुणात तिनं विचारलं, आई मी तर रोज सांगितलं होतं ना, मग विठोबानं ऐकलं नाही का? मला काहीच सुचलं नाही, मी म्हणलं झोप आता, उद्या शाळा आहे.

ते उत्तर मला फार लागून राहिलं. माझं माहेर पंढरपूरजवळचं, आमच्याकडे चार पिढ्यांची वारी, गळ्यात माळ, आणि मला माझ्याच लेकराला दोन वाक्यं सांगता आली नाहीत. नंतर मी आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी संध्याकाळी हरिपाठाचा छोटा वर्ग सुरू केला, चार वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतची दहाबारा पोरं येतात. त्यात जे शिकले, जे चुकलं, ते इथं लिहिते कारण ज्यांच्या घरात सध्या काही वाईट चाललंय, नोकरी गेलीय, गारपिटीनं बाग गेलीय, कुणी आजारी आहे, त्यांना मुलांशी देवाविषयी काय बोलावं हा प्रश्न पडतोच.

आधी काय बोलू नये ते सांगते, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. "देव परीक्षा बघतोय" हे मुलांना सांगू नका. आपल्याला त्याचा अर्थ वेगळा कळतो पण मुलासाठी परीक्षा म्हणजे मार्क आणि नापास होणं, त्याला वाटतं घरात वाईट झालं म्हणजे आपण नापास झालो. "चांगल्या माणसांना देव लवकर बोलावतो" हे तर अजिबात नको, एका मुलीनं मला सरळ विचारलं होतं, मग मी चांगली वागले तर मला पण बोलावेल का. आणि "असं केलंस तर देवबाप्पा शिक्षा करेल" हे जे आपण जेवताना, अभ्यास घेताना सहज बोलून जातो ना, ते पुढे फार महागात पडतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं काम गेलं, तो महिनाभर गप्प गप्प, शेवटी कळलं की त्यानं एकदा नैवेद्य दाखवायच्या आधी मोदक खाल्ला होता आणि त्याला वाटत होतं की त्याच्यामुळेच हे झालं. आठ वर्षांचं पोर एवढं ओझं घेऊन शाळेत जात होतं. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते, घरात काही वाईट झालं तर ते तुमच्या चुकीमुळे नाही, विठोबा असा हिशोब ठेवत नाही. हे वाक्य मी दर दोनतीन रविवारी परत म्हणते, एकदा सांगून पुरत नाही.

नवसाचं पण तेच. तू रोज पाया पड म्हणजे बाबांना नोकरी लागेल, असं सांगितलं आणि नाही लागली तर मूल देवावर पण चिडतं आणि आपल्यावर पण. मागणं मागू द्यावं, मनातलं सांगू द्यावं, पण सौदा शिकवू नये.

मग सुरुवात कुठून करायची? विटेपासून. खरंच सांगते, एक साधी बांधकामाची वीट आणा, धुवून घ्या, तिच्यावर ओलं फडकं फिरवा नाहीतर पोरांच्या पायाला लाल धूळ लागते. पुंडलिकाची गोष्ट सांगा, तो आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला, पुंडलिक म्हणाला थांब जरा, हातातलं काम संपलं नाही, आणि उभं राहायला वीट सरकवली. आता एकेकाला विटेवर कमरेवर हात ठेवून उभं करा. चार वर्षांचं मूल वीस सेकंदात हलायला लागतं, मोठं एक दीड मिनिट टिकतं. मग विचारा, आरतीत काय म्हणतो आपण, किती युगं उभा आहे तो? अठ्ठावीस. पोरांचे डोळे एवढे मोठे होतात. यातून मला दोन गोष्टी द्यायच्या असतात, एक म्हणजे सेवा चालू होती म्हणून देव स्वतः थांबला, सेवेला एवढा मान आहे, आणि दुसरी म्हणजे विठोबा हा पळून जाणारा देव नाही, तो उभा आहे, आपलं चांगलं चाललेलं असो की वाईट. चारपाच वर्षांच्या मुलांना एवढंच पुरे, त्याच्या पुढे जाऊ नका, त्यांना कारणं नको असतात, आपल्याबरोबर कोण आहे ते हवं असतं.

सहासात वर्षांपासून जनाबाई सांगा. ती गंगाखेडची, लहानपणीच नामदेवांच्या घरी आली, दासी म्हणून राबली. दळण, कांडण, पाणी भरणं, शेण्या थापणं. तिच्या कष्टाला सुट्टी नव्हती आणि तिनं देवासाठी वेगळा वेळ काढला नाही, काढणार कुठून, तिनं दळता दळताच गाणी म्हणली आणि ती म्हणायची की विठोबा माझ्याबरोबर दळायला बसतो. गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात, पंढरपूरला गेलात तर मुलांना तिथं नक्की न्या, त्या दगडाजवळ उभं राहिल्यावर गोष्ट वेगळीच कळते. घरी जातं नसेल तर खलबत्ता द्या, शेंगदाण्याचं कूट करायला बसवा आणि प्रत्येक घावाला विठ्ठल म्हणायला सांगा. माझी मुलगी अजूनही मिक्सर असताना कूट खलबत्त्यातच करते. घरात पैशाची ओढाताण असेल, आई दोन कामं करत असेल, तर ही गोष्ट त्या मुलांना खूप जवळची वाटते कारण त्यांनी आईला राबताना बघितलेलं असतं.

आता तुकोबा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते वाईट दिवसांची खरी गोष्ट हीच आहे आणि आपण मुलांना तिचा शेवटचा चकचकीत भागच सांगतो. तुकोबांचा जन्म १६०८ चा, देहूचं चांगलं खातंपितं घर, दुकान, सावकारी. आधी आईवडील गेले, मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला, तेव्हा तुकोबा एकविशी बाविशीतले. गुरं गेली, धंदा बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको रखमाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. मुलांना हे सांगताना आवाज खाली आणून सावकाश सांगा, पण वगळू नका. आठ वर्षांच्या वरच्या मुलांना झेपतं, त्याहून लहान असेल तर "त्यांच्या घरातली माणसं गेली" एवढंच म्हणा.

आणि इथं पोरं हमखास विचारतात, मग विठोबानं त्यांना परत आणलं का? नाही आणलं. हे ठामपणे सांगायचं. रखमाई परत आली नाही, संतू परत आला नाही. आपल्याला मोह होतो काहीतरी गोड जोडायचा, पण ज्या मुलाचे आजोबा गेलेत, त्याला माहीत असतं की गेलेलं माणूस येत नाही, त्यामुळे आपण खोटं बोललो की ते लगेच पकडतं आणि मग पुढचं काही ऐकत नाही.

मग तुकोबांनी केलं काय? घराण्याचं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. खिशात काही नसताना देऊळ सारवलं, बांधलं. आणि लोकांनी त्यांच्या घराण्याकडून घेतलेल्या कर्जाची जी खतं होती (मुलांना खत म्हणजे शेतातलं वाटतं, म्हणून कर्जाचे कागद म्हणा), त्यातला भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. दुष्काळानं सगळेच मेटाकुटीला आलेले, वसूल कुणाकडून करायचं? स्वतः उपाशी असलेला माणूस दुसऱ्यांची कर्जं सोडून देतो, हे मुलांना एवढं भिडतं की विचारू नका. आम्ही वर्गात कागदाच्या चिठ्ठ्या करतो, प्रत्येकानं लिहायचं, माझ्याकडून कुणी काय घेतलंय आणि परत दिलं नाहीये. पेन्सिल, रबर, एकाची तर सायकलची घंटी. मग बादलीत पाणी घेऊन त्या बुडवायच्या. सगळे बुडवत नाहीत, सायकलवाल्यानं नाही बुडवली, मी जबरदस्ती केली नाही. चार रविवारांनी त्यानं स्वतःहून बादली मागितली.

तुकोबांना त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, ते तेरा दिवस शिळेवर बसून राहिले, ही गोष्ट पण सांगा, पण वह्या वर आल्या यावर जास्त थांबू नका, तेरा दिवसांवर थांबा. पहिल्या दिवशी काय वाटलं असेल, पाचव्या दिवशी, बाराव्या दिवशी? मुलांनाच बोलू द्या. एक मुलगी म्हणाली, बाराव्या दिवशी मी घरी गेले असते. त्यावर मी काही बोलले नाही, म्हणलं हो, मला पण असंच वाटलं असतं.

रडणं आणि भांडणं. याची मुलांना मोकळी परवानगी द्या. आपल्याकडे देवापुढे तोंड वर करून बोलायचं नाही असं शिकवतात, पण आपले संत तर विठोबाशी कडाकडा भांडलेत, नामदेव रुसलेत, जनाबाईनं शिव्या दिल्यात, तुकोबांनी तर काय काय ऐकवलंय. भक्तीत ते बसतं. माझ्या वर्गात एक कोपरा आहे, तिथं विठोबाचा फोटो आहे आणि खाली चटई, ज्याला राग आलाय त्यानं तिथं जाऊन हळू आवाजात बोलून यायचं, कुणी ऐकायचं नाही, कुणी विचारायचं नाही. ज्या मुलाला भांडता येतं ते नातं तोडत नाही हो, जे गप्प बसतं ते तोडतं.

म्हणूनच काही गोष्टी मी लहानांना सांगत नाही. गोरोबाकाकांची, तेरची, पायाखाली चिखलात मूल आलं ती. ती मोठ्यांची गोष्ट आहे, सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात फक्त ते बाळ राहतं आणि ते रात्री झोपत नाही. ज्ञानेश्वर आणि भावंडं सांगते, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, चौघं पोरकी, आळंदीत लोकांनी वाळीत टाकलेली, पण आईवडील कसे गेले ते लहानांना सांगत नाही, फक्त गेले म्हणते. तसंच गाडगेबाबांची, मुलगा गेल्याची बातमी कीर्तनात आली तरी कीर्तन थांबवलं नाही ती गोष्ट थोर आहे, पण मुलं त्यातून असं घेतात की खरा भक्त रडत नाही. त्यापेक्षा गाडगेबाबांचा खराटा सांगा, गावात आले की आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. खराटा हातात दिला की पोरांना व्याख्यान लागत नाही.

चोखोबांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. मंगळवेढ्याचे चोखोबा, विठोबाचे एवढे मोठे भक्त आणि त्यांना देवळात जाऊ दिलं नाही. ही गोष्ट "बघा त्यांनी किती सहन केलं, तरी भक्ती सोडली नाही" अशी सांगून संपवू नका, त्यातून मुलं शिकतात की अन्याय सोसणं म्हणजेच भक्ती. आधी स्पष्ट म्हणा की लोकांनी केलं ते चूक होतं, विठोबानं त्यांना अडवलं नव्हतं, माणसांनी अडवलं. वेशीचं बांधकाम कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि आज महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. आणि मग लगेच साने गुरुजी सांगा, मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरला दहा दिवस उपोषण केलं, देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून, आणि ते उघडलं. म्हणजे चोखोबांच्या नंतर सहाशे वर्षांनी. उपाशी राहून दुसऱ्यासाठी दार उघडून घेणं ही पण देवाची सेवाच आहे, हे दहाअकरा वर्षांच्या मुलांना बरोबर कळतं, आणि त्यांच्या शाळेत कुणाला डब्याला वेगळं बसवत असतील तर ते पण या दिवशी बाहेर येतं, तेव्हा ऐकायला तयार राहा.

आता रोजचं काय. मुलाला एकच काम द्या आणि ते त्याचं म्हणून द्या. दिव्यात तेल घालणं, तुळशीला पाणी, फुलं काढून आणणं, काहीही, पण एकच. घरात वाईट दिवस आले की आपण म्हणतो राहू दे आता, त्याला कुठे लावायचं यात, पण उलट तेव्हाच ते काम राहू द्या, फक्त छोटं करा. पूर्ण हरिपाठ होत नसेल तर पहिला अभंग म्हणा, तो होत नसेल तर दारात एक क्षण उभं राहा, पहिल्या अभंगात तेच तर सांगितलंय. हॉस्पिटलमध्ये रात्र काढायची असेल तर मुलाला म्हणा, आज घरचा दिवा तुझ्यावर सोपवून चाललेय. ज्या घरात सगळं हातातून निसटतंय तिथं एक गोष्ट त्याच्या हातात असते, त्याचा केवढा आधार वाटतो त्याला.

सुतकाचं मात्र आधी ठरवून ठेवा. आमच्याकडे आबा गेले तेव्हा देवघर बंद झालं, दिवा नाही, आणि माझी मुलगी तेलाची बाटली घेऊन नुसती उभी, तिला कुणी समजावलंच नाही. तिला वाटलं देव पण गेला. मला तेव्हा सुचलं नाही, पण आता मी सगळ्यांना सांगते, नामाला सुतक नसतं, आपल्या वारकऱ्यांत हे कायम सांगतात. पूजा थांबली तरी मुलाला म्हणा की नाव घे, आणि हातानं करायला त्याला दुसरी सेवा द्या, आजीला पाणी नेऊन देणं, आलेल्या लोकांच्या चपला नीट लावणं. देवघर उघडेल त्या दिवशी पहिला दिवा त्याच्याच हातानं लावा.

आणि माणसांची सेवा, ती नसेल तर बाकी सगळं नुसतं पाठांतर. आम्ही हडपसरला राहतो, पालख्या आमच्या रस्त्यानंच पुढे जातात, त्या दिवशी पोरं पाणी, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटतात, काही तर वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. २०२० ला वारी रस्त्यानं आलीच नाही, पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या, २०२१ ला पण पायी वारी नाही. माझे वडील पंचवीस वर्षांत पहिल्यांदा घरी बसले, बसल्या जागी पावलं टाकायचे खोलीत. त्या वर्षी मुलीनं नेहमीसारखे लाडू बांधायला लावले, मी म्हणलं अगं कुणाला द्यायचे, रस्ता रिकामा आहे. ती म्हणाली वॉचमनकाकांकडे चार जण आहेत ना. त्यांचं गावाला जाणं अडकलं होतं, पगार अर्धा येत होता. मास्क लावून ती डबा ठेवून आली आणि त्यांच्या पाया पडली, जशी दरवर्षी वारकऱ्यांच्या पडते तशीच. हे मी शिकवलं नव्हतं, हे आबांचं होतं, ते कुणालाही माउली म्हणून पाया पडायचे.

मुलं ऐकण्यापेक्षा बघतात, त्यामुळे आपल्या वाईट दिवसांत आपण काय करतो तेच ती उचलतात. तुम्ही देवापुढे बसून रडलात आणि मुलानं बघितलं तर लाजू नका, डोळे पुसून म्हणा, मी विठोबाला सांगत होते, आता बरं वाटतंय, चल कुकर लावू. एवढंच.

वेळेचं म्हणाल तर झोपायच्या आधीची दहा मिनिटं सगळ्यात चांगली, दिवे मंद करून, एकच गोष्ट, आणि प्रश्न आला तर त्याच वेळी उत्तर द्यायची घाई नाही. "मला पण नीट कळत नाही, आपण दोघी विचार करू" हे उत्तर चालतं, मुलं त्यावर आनंदानं झोपतात. माझ्यासारखं "झोप आता, उद्या शाळा आहे" करू नका.

मी तिला उत्तर दिलं ते दीड वर्षानं. आषाढीच्या आदल्या रात्री ती माझ्याजवळ साबुदाणा भिजवायला उभी होती, मी स्वतःच विषय काढला. म्हणलं, तू विचारलं होतंस ना, विठोबानं ऐकलं नाही का. मला वाटतं ऐकलं असेल, पण आबा राहिले नाहीत, आणि मला पण त्याचा खूप राग आला होता. ती म्हणाली, मग तू दिवा का लावायचीस? मी म्हणलं, आबा लावायचे, त्यांची आई गेली त्या वर्षी पण लावायचे. ती थोडा वेळ साबुदाण्यात बोटं फिरवत राहिली, मग विचारलं, त्यांना पण राग आला होता का? मी म्हणलं, आला असेल, आजीला विचार. ती हात तसेच ओले घेऊन आजीच्या खोलीत गेली, आणि त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या.